रापणीचे साहेब

आमचे साहेब रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रापणकरांबरोबर दोर ओढायचे. कचेरीतली इस्त्रीची मंडळी त्यांना ‘रापणीचे साहेब’ म्हणून फिदीफिदी हसायची. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मीही तेव्हा हसलो होतो. मालवणच्या मासळी संशोधन कचेरीत नुकताच त्यांच्या हाताखाली लागलो होतो, अक्कल तेवढीच होती.

दोर ओढण्यामागे शास्त्र होतं. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं ती रापण. तिचा रिवाज असा, की दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, आणि तोही न निवडता, लहानमोठी येईल तशी. बाजारात जाते ती निवडलेली, मोठी मासळी. साहेब म्हणत, “बाजारातलो बांगडो खोटा बोलता. वाट्यातलो बोलणा नाय.” वाट्याचा प्रत्येक बांगडा पट्टीवर मोजून ते वहीत उतरवत. अशी बारा वर्षं. वह्या स्पष्ट सांगत होत्या, बांगडा दरसाल आखूड होतोय, वाढण्याआधीच धरला जातोय.

मोजणी झाली की ते बांगड्याच्या कानातला कणीएवढा खडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. मासे विकणाऱ्या पार्वतीबाईने एकदा विचारलं, ह्याचा उपयोग काय? साहेबांनी तिलाच डोळा लावायला सांगितलं. म्हणाले, “देवान माशाच्या कानात नक्षी काढल्यान गो. कोणी बघूक नको?” ती बराच वेळ बघत राहिली. मग मी बघितलं. पोटासाठी धरलेली नोकरी त्या दिवसापासून मला आवडायला लागली.

मग मुंबईहून वरिष्ठ आले. माशाचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हे पुस्तकात बघून सांगणारा गृहस्थ! त्यांनी वह्या उघडल्याही नाहीत. दोर ओढून मिळवलेली मासळी म्हणे शास्त्रज्ञाला शोभत नाही. बाजारातली मोजा आणि आठवड्यात अहवाल द्या. साहेब शांतपणे म्हणाले, “त्या अहवालावर माझी सही होणार नाही.”

वरिष्ठ माझ्याकडे वळले. मी बाजारातले बांगडे मोजले. बांगडा उत्तम आहे, बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी खुशाल वाढवा, असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. मला बढती मिळाली. साहेबांना फायलींच्या टेबलावर बसवलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते वेंगुर्ल्याला घरी गेले.

चारपाच वर्षांत रापण अर्धी रिकामी येऊ लागली. मी वेंगुर्ल्याला जाऊन साहेबांचे पाय धरले, चुकलो म्हणालो. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “माझी माफी कित्याक मागतंस?” ते म्हणाले. “रापणीर जा आणि थंय सांग, तो अहवाल माझो म्हणान.”

परतीच्या एसटीत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. मालवणला उतरलो आणि सरळ घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत वेळेवर हजर होतो.