नवसाला वाहिलेलं पदक

अलेक्कुट्टीचं पदक तिच्या मुलाने मला आणून दिलं. "सारा टीचर, घरात उगाच अडगळ," म्हणाला. मूर्ख. त्याच्या आईने ते कॉलेजात असताना चारशे मीटरला पहिली येऊन मिळवलं होतं. आम्ही वर्गमैत्रिणी, मीनच्चिल नदीकाठी घरं शेजारी, चर्च एकच. पदकाच्या कडेला कानशीचा खोल घाव आहे. तो कसा पडला ते मुलाने विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

पदक मिळाल्यावर पुढच्याच वर्षी सरावात तिचा गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे. तिला विश्रांती नको होती, हिवाळ्यातली राष्ट्रीय स्पर्धा हवी होती. दुसरा विषयच नाही. तिचे वडील औसेप्पच्चन रबराची झाडं चिरून चीक काढायचे. त्यांनी संत गीवर्गीसला नवस बोलला: पोरीचा पाय बरा कर, तिचं सोनं तुला वाहतो.

आमच्याकडे सणाला वाहिलेल्या वस्तूंचा मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लिलाव होतो. कोंबडे, फणस, केळीचे घड. ज्याने वाहिलं त्यानेच बोली लावून वस्तू परत न्यायची. बाकीच्यांनी थोडी चढवायची, थट्टा करायची आणि गप्प बसायचं. चर्चला पैसे मिळतात, घरच्याला वस्तू. पाय बरा होण्याची वाट न बघता औसेप्पच्चनांनी पदक वाहिलं ते त्याच भरवशावर.

चर्चच्या सेवकाने पदक उंच धरलं. "सोनं! अस्सल सोनं!"

वखारवाला पोथन पुढे सरकला.

"अरे पोथा, तू कोंबडा घे. तुझ्यासारखाच आरवतो," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तो हसला नाही, बोली चढवतच गेला. औसेप्पच्चनांनी खिसा चाचपला, मग कमरेच्या मुंडूची गाठ, मग इकडेतिकडे पाहिलं. तोवर पदक गेलं.

अलेक्कुट्टी माझ्या खांद्यावर भार टाकून उभी होती. "जाऊ दे गं," म्हणाली. "पाय बरा झाला की दुसरं आणीन."

पुढच्या रविवारी पोथन चर्चच्या पायऱ्यांवर वाट अडवून उभा. "औसेप्पा! सोनाराने कानस घातली, आत पितळ! माणसांना फसवतोस ते फसवतोस, संतालाही?" आणि पदक त्यांच्या पायाशी फेकलं.

"अप्पच्चा, सुवर्णपदक नुसतं म्हणायचं असतं," अलेक्कुट्टी पुटपुटली. "वर मुलामा असतो. सगळ्यांचं तसंच."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला नाही, हे ठाऊक नव्हतं."

पोथनची औसेप्पच्चनांना पर्वा नव्हती. संताला खोटं सोनं दिलं, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला. फादरांनी समजावलं, "औसेप्पा, देव काही कसोटीचा दगड घेऊन बसत नाही." मी तर भांडलेच. उपयोग शून्य. ते वेदीपुढे गेले आणि घरात जे खरं सोनं होतं ते देऊन आले: पाय बरा झाला तर पोरगी पुन्हा पळणार नाही.

"पळणं तुझं, देणारे ते कोण? आणि तू गप्प बसलीस?" मी ओरडले.

"माझ्याच पायासाठी बोललेत गं. मोडू कसा?"

पाय बरा झाला, पूर्ण. नवसाने की विश्रांतीने, यावर माझं मत काय ते कुणाला सांगायला नको. ओणमनंतर प्रशिक्षक तिला शिबिराला न्यायला जीप घेऊन आले. ती अंगणातून ताठ चालत त्यांच्यापर्यंत गेली. "सर, पाय बरा झालाय," म्हणाली. "म्हणूनच येता येत नाही." त्यांना काही कळेना. काळी कॉफी पिऊन निघून गेले.

लग्न होऊन ती मलबारला मिरीच्या मळ्यात गेली. एकदा मी तिच्याकडे असताना अंगणात मिरी वाळत होती आणि अचानक पावसाची सर कोसळली. घरातलं माणूस न् माणूस धावलं.

"अम्मच्ची, पळ ना!" मुलगा ओरडला.

ती टोपली घेऊन पायरी उतरली आणि नेहमीच्या चालीने चालत गेली. तोंडावरून पाणी ओघळत होतं. मिरी भिजली, वाहूनही गेली. नवरा शिव्या देत राहिला आणि ती चिखलात वाकून दाणे वेचत राहिली.