आबांच्या गाडीचा डिफरन्शियल

फैजपूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या गल्लीतला नवरदेव लग्नाला निघायचा तो आबांच्या गाडीतून. आबा म्हणजे माझे वडील. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या घरून त्यांच्याकडे नारळ यायचा. नारळ आला की आबा गाडी धुवायला काढायचे, पांढरे कपडे इस्त्रीला द्यायचे. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. गावात मोजक्याच गाड्या होत्या तेव्हा सुरू झालं आणि घरोघर गाड्या आल्या तरी चालूच राहिलं. गावाबाहेर, दुसऱ्या तालुक्यात, कुठेही लग्न असो, नवरदेवाला आबा पोचवणार. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. आबांना मान हवा असायचा आणि तो त्यांना मिळायचा.

गाडी जुनी. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. हल्ली घरच्या गाड्या अशा नसतात. मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. तो हिशेब हा गोळा सांभाळतो. साध्या डिफरन्शियलची खोड एकच. एक चाक चिखलात गेलं की तेवढंच गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं ढिम्म उभं राहतं.

आमची जमीन काळी, केळीची. एका लग्नाला मांडव शेतात होता आणि ठिबकचा पाइप फुटून वाटेवर पाणी झालं होतं. गाडी तिथे रुतली. नवरदेव शेरवानी सावरत खाली उतरला. वऱ्हाडी मंडळी ढकलायला धावली. आबा म्हणत होते, "थांबा रे, कोनी हात लावू नका, निंघते ती." त्यांनी हँडब्रेक अर्धा ओढला, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडला आणि गाडी निघाली. हँडब्रेकने फिरणारं चाक जरा दाबलं की जोर दुसऱ्याला मिळतो, हे त्यांना माहीत होतं. कसं माहीत होतं, देव जाणे.

पण तोवर लोकांना हसायला मिळालं होतं. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "आबा, पुढच्या खेपेले बैल जुपून आना." मग माझ्याकडे वळून, "काय साहेब, धुळ्याले एवढा मोठा हुद्दा तुमचा, अन् बापाची गाडी लोकायनं ढकलायची?"

आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या चुलत्याचा राग आला नव्हता. आबांचा आला होता. चिखलातून गाडी काढल्यावर ते हात पुसत माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते त्या नजरेचा. लहानपणापासून ती नजर मला माहीत होती. तू शीक, मोठा हो, पण हे तुला जमणार नाही, असं ती म्हणायची. कदाचित त्यांच्या मनात असं काहीच नसेल. मला तसं वाटायचं.

सर्व्हिसिंग करून आणतो म्हणून मी गाडी धुळ्याला नेली. हायवेजवळच्या एका गॅरेजवाल्याने डिफरन्शियल बदलायचं कबूल केलं. नव्यात आत क्लचच्या चकत्या असतात. एक चाक मोकळं फिरू लागलं की त्या दोन्ही चाकांना बांधून धरतात. चिखलात दोन्ही चाकं एकदम जोर लावतात, गाडी रुतत नाही. दोन दिवस काम चाललं. टायरही नवे घातले. चावी देताना तो म्हणाला, "काम पक्कं शे भाऊ. पन चालावनाराले सांगी ठेवा. ओल्या डांबरवर वळनाले रेस दिधी तं दोन्ही चाकं संगे घसरतीन. आधी एकच फिरे, मागनं ढुंगन जागावर राहे. आते नही राव्हाव."

गाडीचा मागचा भाग आता जागेवर राहणार नाही, सरकेल, हे मला समजलं. मी मान डोलावली. गावी गेलो, चावी आबांच्या हातात दिली आणि सांगितलं फक्त टायरचं. पुढच्या चिखलात गाडी आपोआप निघेल, आबा चकित होतील, मग सगळ्यांसमोर सांगू, असं माझ्या डोक्यात होतं. मला ते चुलत्यासमोर सांगायचं होतं.

आठवड्याभराने आबांचा फोन आला. "वळनावर गाडी मांगून कोनी धरल्यावानी वाटते रे. काही केलं का तिले?"

त्या वेळी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "नवे टायर आहेत आबा. बसायला वेळ लागतो."

"टायरनं असं होत नई."

"हल्लीच्या टायरनं होतं. तुमच्या वेळचे टायर वेगळे होते."

"असीन बाप्पा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने माझ्या शब्दावर स्वतःच्या हाताला जाणवलेली गोष्ट सोडून दिली.

पुढचं लग्न वैशाखातलं. दुपारी अवकाळी सर येऊन गेली होती. पाटाच्या पुलाशी रस्ता वळतो आणि चढतो, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला असतो. गाडीत नवरदेव होता, मागे त्याची बहीण करवली म्हणून बसली होती. मी मागच्या जीपमध्ये होतो. आबा त्या वळणावर नेहमी जसा चढाला जरा जोर द्यायचे तसा त्यांनी दिला. मला दिसलं ते एवढंच की गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकला, थांबला नाही, सरकतच गेला. गाडी रस्ता सोडून केळीत घुसली. केळीची खोडं मऊ असतात, म्हणून सगळे वाचले. नवरदेवाला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या बहिणीचं मनगट मोडलं.

आबा दार उघडून उतरले आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत उभे राहिले. "माहा पाय चुकला," ते म्हणाले. "जास्त दाबल्या गेला."

मी त्यांचा दंड धरून उभा होतो. मला माहीत होतं की पाय चुकलेला नाही.

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चुलता पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या आबा. वय झालं. होते असं." गावात आबांशी तसं कोणी कधी बोललं नव्हतं.

त्यानंतर गल्लीत लग्न निघालं तेव्हा नारळ आला नाही. आबांनी आदल्या दिवशी कपडे इस्त्रीला दिले होते. नवरदेव भुसावळहून आणलेल्या भाड्याच्या, फुलांनी मढवलेल्या गाडीतून गेला. आबा ओट्यावर बसून होते. गाडी पुढून गेली तेव्हा त्यांनी हात वर केला.

जळगावची माझी मोठी बहीण, अक्का, म्हणाली, "चावी काढून घे त्यांच्याकडून. उद्या कोणाचा जीव जाईल." मी हो म्हणालो. मीच गेलो, मीच म्हणालो, "आबा, आता राहू द्या." त्यांनी लगेच चावी दिली. वाद घातला नाही. मग गाडी मी भंगारात दिली, तीही घाईने. दुरुस्तीला टाकली असती तर कोणीतरी मागचा एक्सल उघडला असता. अक्काला मी सांगितलं की आबांना ती रोज दारात बघून त्रास होईल.

आबांना स्वतःच्या हातापायांचं बसलेलं भय गाडीपुरतं राहिलं नाही. शेतातली मोटर ते सालदाराला चालू करायला लावू लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. सायकल देऊन टाकली. "हातपायाचा भरोसा राह्यला नई," असं आल्यागेल्याला सांगू लागले. त्यांचे हात थरथरत नव्हते. मी बघितलं आहे.

सांगायला मला चार वर्षं लागली. यंदा सुटीत गेलो, त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. गॅरेजवाला काय म्हणाला तेही.

आबा म्हणाले, "तू टायर म्हने तव्हा."

"खोटं बोललो होतो."

आबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मले बरं वाटावं म्हनून सांगतो तू. मले समजते."

मी शपथ घेतली. ते हसले. मी त्यांना धुळ्याला त्या गॅरेजवर नेलं. तो माणूस डोकं खाजवत म्हणाला, "केलं व्हई भाऊ. इतल्या गाड्या येतस, ध्यानात नही राहत." आबांनी त्याला उगीच त्रास दिल्याबद्दल नमस्कार केला. गाडी नाही, एक्सल नाही. जे नाहीसं करायचं ते मी नीट नाहीसं केलं होतं.

गावात परतलो तोवर आबांनी ही गोष्ट शेजाऱ्यांना फोनवर सांगूनही टाकली होती. तो चुलता पारावर भेटला. म्हणाला, "साहेब, पोरगा असावा तं तुमच्यासारखा. बापाची चूक आपल्या अंगावर घेतो." मी म्हणालो, ती माझीच होती. त्याने माझी पाठ थोपटली.

शेवटचा उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी मी आबांना माझ्या गाडीत घेतलं आणि फैजपूरच्या बाहेर एका मोकळ्या पटांगणात नेलं. कोणी नव्हतं, आडवं यायला झाडही नव्हतं. मी उतरलो आणि त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, गिअर हलवून बघितला. सगळं बरोबर. मग चावीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने दार उघडून उतरले आणि फिरून दुसऱ्या बाजूला येऊन बसले.

"चाल, घरी चाल," ते म्हणाले. "तू चालव. तुह्यावर भरोसा आहे मले."

मी गाडी चालू केली.