शिट्टी काढून, मंद आचेवर

माझ्या हातून आजवर एकच केक झाला आणि तो अजून कुणाला मोडता आलेला नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या आटपाडीच्या बाजूला माणूस एकतर शेरडं राखतो नाहीतर गलाईला जातो. गलाई म्हणजे सोनारांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून साफ करून द्यायचं काम. शेरडं मी पोरवयात राखली आणि बाकीची उमर लांब तामिळनाडूत, सेलमला, भट्टीपुढं घालवली. आता त्या भट्टीवर माझा पोरगा दत्ता बसतो. सूनही तिकडंच. त्यांची पोरगी आर्या तिसरीत आहे, ती इथं गावात आमच्याकडं राहते. (आमच्याकडं म्हणजे माझ्याकडं. बायको जाऊन वर्ष होत आलं, पण जिभेला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

तर आर्याचं दुखणं असं, की पोरगी वाचते घडाघडा, पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "आजोबा, हिचं वाचन पाटाच्या पाण्यासारखं वाहतंय. पण रानात काहीच मुरत नाही."

हे माझ्या पोटात ठेवायचं होतं. पण माझं तोंड फुटक्या घागरीसारखं. संध्याकाळी दत्ताचा फोन आला आणि मी सगळं ओतून बसलो.

दत्ता म्हणाला, "आण्णा, मग तिला मी हिकडं घिऊन येतो. आई हुती तवर ठीक हुतं. आता तुमी काय शिकवणार तिला?"

"ने की," मी म्हणालो. "तुझी पोरगी हाय. मला काय इचारतूस?"

फोन ठेवला आणि दावणीच्या शेळीकडं बघत बसलो. पोरगी गेल्यावर घरात बोलायला तेवढीच उरणार होती. आणि शेळीचं माझ्याशी पहिल्यापासून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच उलटा फोन लावला. "दत्ता, येत्या शनिवारी शाळेत पालकांला बोलावलंय. पोरं उभी ऱ्हाऊन वाचलेलं सांगणार हायत. तू ये. आर्याला जमलं न्हाई तर तिथनंच घिऊन जा. जमलं तर ती हितंच ऱ्हाईल."

"शब्द?"

"शब्द."

आता हा शब्द मी कुणाच्या जिवावर दिला? तर माझ्या.

बाईंनी शनिवारसाठी पोरांना एक एक छापील कागद दिला होता. वर लिहिलं होतं, 'वाचा आणि करा'. खाली कुकरमधल्या रव्याच्या केकची कृती. पोरानं कृती वाचायची, घरच्या मोठ्या माणसाला घेऊन केक करायचा, शाळेत न्यायचा आणि काय केलं, का केलं ते आपल्या शब्दात सांगायचं.

आता मोठं माणूस म्हणजे मी. स्वयंपाकघरात माझं वजन सांगायचं तर, भाकरी शेजारच्या पारूवहिनी थापून देतात आणि कालवण मी कढईत करतो. ते कालवण आर्या काही न बोलता खाते, यावरून तिचं माझ्यावर किती प्रेम आहे ते कळतं. कुकर फळीवर चढवून ठेवला होता, तो बायको गेल्यापासून उतरवला नव्हता.

पण भट्टीच्या माणसाला आचेची भीती कसली? शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कुकर उतरवला, धोतर खोचलं आणि आर्याला म्हणालो, "हे बघ, कामाचा एक नियम. एक वळ वाचायची, तेवढं काम करायचं. मग म्होरली वळ. म्होरं वाचायचं न्हाई."

"का वो आण्णा?"

"भट्टीवर सोनं वितळवायची मूस चढली की नजर मुशीवर ठिवायची. म्होरल्या कामाचा इचार करणाऱ्याचं सोनं उतू जातं."

आर्याला हे पटलं. तीच माझी चूक झाली. पोरगी माझं ऐकते.

रवा, दही, तेल, दूध, पिठीसाखर असं सगळं वाटीनं मोजून पातेल्यात पडलं. इथवर आम्ही दोघं बेकरीवाल्याच्या तोंडात मारू असे होतो. मग आर्यानं पुढची ओळ वाचली.

"पाव चमचा सोडा."

आणि थांबली. "आण्णा, पाव चमचा काय सोडा?"

मी कागद हातात घेतला. चष्मा पुसला. खरंच तेवढंच लिहिलेलं होतं. पाव चमचा सोडा. काय सोडायचं त्याचा पत्ता नाही.

"वरच्या वळीत काय हाय?"

"पिठीसाखर."

"मग साखरच. आनखी पाव चमचा साखर सोडायची."

"मग बाईंनी साखर घाला आसं का न्हाई लिवलं? वर सगळीकडं घाला लिवलंय."

"बाई शिकलेल्या हायत. शिकलेली माणसं एक शबुद सारखा सारखा वापरत न्हाईत."

साखर सोडली. अगदी वरून, देवावर पाणी सोडावं तशी.

पुढं कुकरच्या तळाला मीठ पसरायला सांगितलं होतं. पसरलं. डब्याला तेल लावून त्यात सगळं ओतलं, डबा मिठावर ठेवला. मग आर्यानं वाचलं, "झाकण लावून, शिट्टी काढून, मंद आचेवर पाऊण तास भाजा."

शिट्टी म्हटल्यावर माझी छाती पुढं आली. सगळ्या स्वयंपाकात एवढं एकच काम माझं होतं. बायको रानात निघाली की उंबऱ्यातनं सांगायची, "आवं, तीन शिट्ट्या काढा आन ग्यास बंद करा." आणि मी सोप्यावर बसून तीन शिट्ट्या काढायचो. म्हणजे काढायचा कुकरच, पण मी मोजायचो. एवढी वर्षं एकही शिट्टी चुकली नाही.

"सोपं हाय," मी म्हणालो. "आदी झाकण लावायचं. मग मोठ्या आचेवर एक शिट्टी काढायची. ती झाली की आच बारीक. लाव झाकण."

मोठी आच केली. आम्ही दोघं पाटावर बसलो.

शिट्टी होईना.

आर्या म्हणाली, "आण्णा, आत पाणी न्हाई घातलं. वाफ कशी हुईल?"

"कागदात पाणी लिवलंय?"

"न्हाई."

"मग? तुझ्या बाईला एवढं कळत न्हाई व्हय?"

मी आच आणखी मोठी केली. कुकरमधून खमंग वास यायला लागला आणि मी तिला म्हणालो, "बघ." थोड्या वेळानं खमंग गेलं आणि नुसता वास राहिला. मी म्हणालो, "आता हुईल." झाकणाच्या कडेनं निळसर धूर निघाला. भट्टीत असा धूर दिसला असता तर मी मूस उचलून पळालो असतो. पण मी हललो नाही.

आता हसायचं तर हसा, पण त्यावेळी मला केकची पडलेली नव्हती. वर्षभर त्या घरात कुकरची शिट्टी झाली नव्हती. मला ती ऐकायची होती. एकदा झाली असती की पुढं उंबऱ्यातनं "आवं, केलात का बंद?" असं कोण म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी कान लावून बसलो होतो.

शिट्टीऐवजी पारूवहिनी आल्या, पदर नाकाला लावून.

"भावजी, काय जाळताय? टायर?"

"केक हाय."

"कुणाचा?"

"वहिनी, तुमी बसा. एक शिट्टी व्हायची ऱ्हायलीया."

वहिनींनी बसायच्या आधी ग्यास बंद केला, खिडक्या उघडल्या आणि शेळी सोडून लांब बांधली. माझ्याशी नंतर बोलल्या. "भावजी, कुकरात पाण्याचा थेंब न्हाई आन शिट्टी कुठली? पोरगं जवळ बसवून आसलं धंदं करत्यात व्हय?"

धूर खाली बसेपर्यंत आर्या दारात जाऊन कागद वाचत होती. माझा नियम मोडून शेवटपर्यंत. मग आत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"आण्णा, हितं खाली लिवलंय. कुकर गार झाल्यावर शिट्टी पुन्हा जागेवर बसवा."

"मग?"

"परत बसवा म्हंजी आदी काढून बाजूला ठिवलेली आसणार. आदीच वर आसंल तर परत कशी बसवायची?"

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी कुकराकडं.

"आन हे बघा, तळाला टीप हाय. सोडा घातल्यावर मिश्रण लगेच ढवळा, नाहीतर केक फुगणार नाही. सोडा घातल्यावर. म्हंजी सोडा ही वस्तू हाय आण्णा. भज्यात घालत्यात त्यो. तुमी म्हणाला सोडा म्हंजी सोड."

मला तेव्हा एवढंच सुचलं, "मग म्होरं का वाचलं न्हाईस?"

"तुमीच नगं म्हणाला."

रवा संपला होता. दुकानात संध्याकाळी जाऊन आणला असता, पण कुकरचं रबर वितळून झाकणाला धरलं होतं आणि पारूवहिनी मला त्यांचा कुकर द्यायला तयार नव्हत्या. उसना बैल देईन म्हणाल्या. डबा पालथा घालून बडवला तेव्हा केक बाहेर आला. काळा, सपाट, खणखणीत. भट्टीतनं काढलेल्या मळीला सुद्धा यापेक्षा बरा आकार असतो.

"आर्ये," मी म्हणालो, "उद्या शाळंत जायचं न्हाई. पोटात दुखतंय म्हणून सांगू."

"पप्पा येणार हायत."

"म्हणून तर."

तिनं केक फडक्यात बांधला आणि दप्तरात ठेवला. दप्तर एका बाजूला कललं.

शनिवारी दत्ता मिरजेला रेल्वेनं उतरून, एसटीनं थेट शाळेत आला. हातात मोठी रिकामी बॅग. ती कुणाच्या कपड्यांसाठी ते मला विचारावं लागलं नाही. पोरांनी झकास पिवळे, फुगलेले केक आणले होते. एक एक उठत होतं, कागदावरची कृती घडाघडा म्हणत होतं. बाई विचारायच्या, "सोडा कशासाठी घातला?" पोरगं म्हणायचं, "आईनं घातला."

मग आर्या उठली. फडकं सोडून केक टेबलावर ठेवला. ठक्क असा आवाज आला. सगळा वर्ग हसला. मी भिंतीवरच्या तक्त्यावर ज्ञ ज्ञानेश्वराचा वाचायला लागलो.

बाईंनी विचारलं, "आर्या, हे काय झालं?"

"बाई, केक फुगला न्हाई, कारण सोडा पडला न्हाई. सोडा हे नाम हाय. आण्णांनी त्याचं क्रियापद केलं."

बाईंनी तोंडावर हात धरला.

"आन शिट्टी काढून म्हंजी शिट्टी बाजूला काढून. आण्णांनी शिट्टी हूस्तवर मोठी आच ठिवली. आत पाणी नव्हतं, मग वाफ न्हाई, मग शिट्टी न्हाई. शेवटची वळ आदी वाचली आसती तर कळलं आसतं. म्हणून आदी सगळं वाचायचं आन मग करायचं."

"आजोबांना कळलं नाही, मग तुला कसं कळलं?"

आर्या थोडा विचार करून म्हणाली, "मला ते आण्णांला समजावून सांगायचं हुतं. म्हणून मी नीट वाचलं."

बाईंनी टाळी वाजवली तसा सगळा वर्ग वाजवायला लागला. मी पण वाजवली, मग ध्यानात आलं की टाळ्या माझ्या अडाणीपणाला चालल्यात. तरी थांबलो नाही.

बाहेर आल्यावर मी दत्तापुढं मान ताठ करून उभा राहिलो. "बघितलंस? पोरीला कळतंय. आपला शब्द ठरला हुता."

"ऱ्हाऊ दे तिला हितं," दत्ता म्हणाला.

"म्हणलं हुतं न्हवं, मी शिकवतो म्हणून."

"तुमी शिकवलं म्हणून न्हाई आण्णा. तिला न्हेलं तर तुमी एकटं घर पेटवाल म्हणून."

पोरगी राहिली होती, मग कारण काही का असेना.

आता गावात कुणी विचारलं, "आण्णा, नात कुणाजवळ ऱ्हाती?" तर मी सांगतो, "माझ्याजवळ."

आणि आर्या मागनं दुरुस्ती करते, "आण्णा माझ्याजवळ ऱ्हात्यात."