तटबंदीवरचं आमंत्रण

“आवो, पत्रिका कुठं हायत?”

बायको दारातून ओरडली तेव्हा मी कंधारच्या किल्ल्याला शेवटचा बुरूज चिकटवत होतो. (किल्ला पुठ्ठ्याचा होता. ओरडणं खरं होतं.)

“कसल्या पत्रिका?” मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

“माझ्या भावाच्या लग्नाच्या! अण्णांनी गठ्ठा दिला ना तुमच्याकडं? रविवारी लग्न हाय, आज बुधवार हाय! किती घरं झाली?”

एकही झालं नव्हतं. अण्णा म्हणजे माझे सासरे, अहमदपूरचे. लेकाच्या लग्नात कंधारकडच्या पाव्हण्यांना पत्रिका पोचवायचा मान त्यांनी मला, म्हणजे थोरल्या जावयाला, दिला होता. मीही तो मान उंदरांनी कुरतडू नये म्हणून माळ्यावर नेऊन ठेवला होता.

तेवढ्यात हा किल्ला निघाला! आमची ओवी चौथीत. शाळेचं प्रदर्शन, विषय ‘आपल्या गावचा किल्ला’. बाकीची पोरं चपलांच्या खोक्याचा किल्ला करून मोकळी झाली. पण माझं रंगाचं दुकान. गावात खराखुरा किल्ला, घरात खराखुरा ब्रश आणि पोरीनं खोकं न्यायचं? छे! आमचा किल्ला पलंगाएवढा झाला. ज्या पलंगावर तो बांधला, त्यावर आम्ही आठवडाभर झोपलो नव्हतो.

त्यात पुठ्ठा संपला. आता जुन्या लग्नपत्रिकांचं एक पोतं आपल्याकडं प्रत्येकाच्या घरी असतंच. वर गणपतीचं चित्र, त्यामुळं फेकता येत नाही, जाळता येत नाही. जोडप्यांना नातवंडं होतात तरी पत्रिका माळ्यावरच! मी ओवीला म्हणालो, “माळ्यावरच्या घे.” गणपती आत, मजकुराची बाजू बाहेर. लांबून अक्षरं म्हणजे हुबेहूब टवके उडालेला दगड!

बायको बुरुजाजवळ आली, वाकली आणि दगड वाचू लागली.

“चिरंजीव गजानन... आवो, हा तर आपला गजा हाय!”

तिनं दुसरा बुरूज वाचला. तिथंही गजा. तटबंदीवर गजा, दरवाज्यावर गजा, बालेकिल्ल्यावर गजा. आणि प्रत्येक गजाच्या खाली, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! – ओवी’.

“ओवे, तुला दिसलं न्हाई का गं?”

“दिसलं की! माझं नाव होतं म्हणून तर त्याच लावल्या. किल्ला माझा हाय ना?”



बायकोनं उलथनं आणलं. पण मी सनमायका चिकटवायचा डिंक वापरला होता. उलथनं वाकलं, पत्रिका हलली नाही. ओवी किल्ल्यापुढं आडवी झाली. “हात लावायचा न्हाई! उद्या नंबर येणार हाय माझा!”

“व्हॉट्सॲपवर पाठवू की,” मी म्हणालो.

“आप्पामामाला? हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात पडल्याबिगर ते माणूस सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला गेलं न्हाई! अन् ते आले न्हाईत तर बोहल्यावर गजाच्या पाठीमागं मामा म्हणून कोण उभं राहणार? तुम्ही?” तिचे डोळे भरले. “माझ्या आईला एकच भाऊ हाय हो.”

छापखान्याला फोन केला. ऐन लगीनसराई. तो म्हणाला, “सोमवारी या.” सोमवारी गजाची सत्यनारायणाची पूजा होती.

मग मला एक कल्पना सुचली. (बायको म्हणते, सगळं बिघडतं ते इथूनच.) पत्रिका पाव्हण्यांकडं जाऊ शकत नाही ना? मग पाव्हणेच पत्रिकेकडं आणायचे! गावात सगळ्यांना फोन लावले. “उद्या शाळेत या. ओवीनं किल्ला केलाय. तुम्ही न्हाई आलात तर पोरगी जेवणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून किल्ला शाळेत गेला. मागून बायको करंडा घेऊन गेली आणि एकेका बुरुजाला हळदकुंकू लावत सुटली.

“हे काय?” परीक्षक गुरुजींनी विचारलं.

“पूजन,” मी म्हणालो. गुरुजींनी हात जोडले.

पाव्हणे आले. वाचत गेले, बायको हातावर अक्षता ठेवत गेली. “लवकर या बरं का, हळदीलाच या.” बघता बघता दुसऱ्यांच्या किल्ल्यापुढं माशी उरली नाही. ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता तेही वाचून “जेवण कितीला हाय?” विचारू लागले.

मग आप्पामामा आले. पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी चष्मा लावला आणि किल्ल्याला पूर्ण प्रदक्षिणा घालून मजकूर वाचला. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की हात माझाच आहे का, शंका आली.

“पत्रिका बरी हाय,” आप्पामामा म्हणाले. “पण माझी कोणती?”

“ही काय, हा समोरचा बुरूज!” बायको म्हणाली. तिनं ओवीच्या स्केचपेननं त्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वर ‘सहकुटुंब’ घातलं.

“हां. मग घरी न्यायला द्या.”

“नंबर लागल्यावर न्या, आबा,” ओवी म्हणाली.

आप्पामामांनी विचार केला आणि बाकावर बसले. ते बसले म्हणून सगळे पाव्हणे बसले.

दुसरा नंबर आला. पहिला का नाही, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “तटबंदीवर जेवणाची वेळ लिहीत होते, असा पुरावा इतिहासात सापडत न्हाई.”

ओवीनं बक्षिसाची कंपासपेटी घेतली आणि स्वतः कात्री आणली. आप्पामामांना बुरूज मिळाल्यावर बाकीचे कशाला मागं राहतात? “आम्हाला काय मान न्हाई का?” करत कुणी तट नेला, कुणी पायऱ्या. खरा किल्ला पाडायला लोकांना तोफा लागल्या. आमचा नातेवाइकांनी चहाच्या आत नेला.

रविवारी अहमदपुरात आप्पामामा वेळेवर आले आणि बोहल्यावर गजाच्या पाठीमागं उभे राहिले. काखेत बुरूज होता. सासऱ्यांनी तो मंगलाष्टकं संपेपर्यंत बघितला. जेवताना बायकोनं त्यांना सगळं सांगितलं. मी मान खाली घालून मठ्ठा पीत होतो.

सासऱ्यांनी घास संपवला, ते पाणी प्यायले आणि धाकट्या लेकाला म्हणाले, “तुझ्या लग्नाला पत्रिका छापायच्या न्हाईत. जावईबापूला नुसता पुठ्ठा नेऊन द्यायचा.”