सातवा नियम आणि पाच पिस्तुलं

सभासद क्रमांक चौदा. नाव: श्रीमती आर्डिस टॉलेफस्रूड. वय: वर्षे एकाहत्तर. वास्तव्य: बिग टॅमरॅक तळ्याचा उत्तर किनारा, विस्कॉन्सिन. व्यवसाय: सेवानिवृत्त, काउंटीच्या जमीन-नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षे सेवा. उंची: पाच फूट दोन इंच, लोकरीच्या टोपीसह. ओळखखूण: गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. सदर महिला ही बिग टॅमरॅक रॉड अँड गन क्लबची सचिव, तसेच तळघरातील नेमबाजी कक्षाची सुरक्षा अधिकारी असून, तिच्याविरुद्ध आजतागायत एकही तक्रार लेखी स्वरूपात प्राप्त झालेली नाही.

तोंडी तक्रारी भरपूर होत्या. पण लेखी तक्रार सचिवाकडेच द्यावी लागे, आणि ती शुद्धलेखन तपासून परत करी.

क्लबाचे बावीस नियम आर्डिसनेच लिहिले होते. त्यातला सातवा असा: ‘प्रत्येक सभासदाने आपले शस्त्र कक्षात स्वहस्ते भरावे व स्वहस्ते रिकामे करावे. अन्य व्यक्तीचा हात लागता कामा नये. ज्यास हे शक्य नाही, त्याने नेम धरू नये.’ नियम शहाणपणाचा होता. पिस्तूल कुणी भरलं आणि कुणी उडवलं यात दोन माणसं आली की एकाला नेहमी वाटतं, ते रिकामं आहे. पंधरा वर्षांपूर्वी एल्डन ब्रेके या म्हाताऱ्या सभासदाचे हात थरथरायला लागले, तेव्हा आर्डिसने त्याला बाजूला घेऊन सातवा नियम वाचून दाखवला होता. एल्डनने मान डोलावली आणि मरेपर्यंत दर बुधवारी क्लबाच्या कॉफीचं यंत्र सांभाळलं. कॉफी वाईट होत असे. तीही तक्रार कुणी लेखी दिली नाही.

आता गेल्या वर्षापासून आर्डिसचे अंगठे तिचं ऐकत नव्हते. बरणीचं झाकण, कोटाचं बटण, गाडीची किल्ली, सगळ्यांनी आळीपाळीने असहकार पुकारला. पिस्तुलाचं तर विचारूच नका. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मुठीत पकडून ताकदीनं मागे ओढावा लागतो. तेव्हा कुठे पहिली गोळी नळीत जाते. आर्डिसचं पिस्तूल जुनं, सगळं पोलादी, आणि त्याची स्प्रिंग तिच्या माहेरच्या माणसांसारखी होती: हलत नसे.

यावर तिने उपाय काढला होता. निघण्यापूर्वी घरी तिचा नवरा लाइल स्लाइड मागे ओढून खटक्यात अडकवून देई. क्लबात आल्यावर तिने फक्त गोळ्या भरलेलं मॅगझिन मुठीत घालायचं आणि खटका दाबायचा. स्लाइड आपोआप पुढे येऊन गोळी चढे. नियमात ‘कक्षात’ असा शब्द होता आणि स्वयंपाकघर कक्षात येत नाही. कागदावर चोख होतं सगळं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर तिने त्याला त्याच संध्याकाळी कॉफीच्या यंत्राकडे धाडलं असतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी हिवाळी स्पर्धेत तिची सहावी गोळी फुसकी निघाली. चाप ओढला, टक् झालं, बार नाही. अशा वेळी नळी समोर धरून अर्धं मिनिट थांबायचं आणि स्लाइड ओढून गोळी बाहेर काढायची. तिने ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा हात कोटाला पुसून ओढली. शेवटी शेजारच्या जागेवरून क्लबाचा अध्यक्ष डेलमार विसोकी आला. हा गॅसच्या टाक्या पोचवणारा, हातांच्या जागी फावडी. त्याने गोळी काढली आणि परत आपल्या जागी गेला. उरलेले बारा जण आपापल्या निशाणाच्या कागदाकडे असे बघत होते, जणू त्यावर हवामान छापलंय. आर्डिसने नोंदवहीत लिहिलं: ‘शस्त्रात बिघाड.’

शस्त्रात काही बिघाड नव्हता. उभ्या आयुष्यातली तिची ही पहिली खोटी नोंद.

त्यानंतर दोन आठवडे ती नेम धरायला उभीच राहिली नाही. शिट्टी घालून नुसती देखरेख करी. तिसऱ्या आठवड्यात डेलमारने सभेत ठराव मांडला. वसंतात नव्या लोकांचा वर्ग भरतो. त्यांना सरावासाठी द्यायला क्लबाकडे प्लॅस्टिकच्या मुठीची चार आधुनिक पिस्तुलं हवीत. हल्ली सगळे तीच वापरतात. बाजारात चालणारी पाच आणून त्यांची रीतसर तुलना व्हावी, आणि अहवाल सचिवांनी द्यावा.

“पाचही नीट हाताळून बघ हं, आर्डिस,” डेलमार म्हणाला. “घाई नाही. एकेक ओढून बघ.”

आर्डिसला हे देवानेच धाडल्यासारखं वाटलं. कुणाला संशय न येता पाच पिस्तुलं ओढून बघता येणार होती. त्यातलं एखादं तरी हाताला ऐकलं, तर बुधवार वाचणार होता. क्लबाला या पिस्तुलांची अजिबात गरज नाही, नव्यांसाठी बारीक गोळीची चार पिस्तुलं कपाटात सुस्थितीत पडून आहेत आणि हा सगळा घाट तिच्या अंगठ्यांसाठी घातलाय, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सरळ विचारणं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर माणूस आधी म्हणतो, आज जरा उबदार आहे, नाही?

पाच पिस्तुलं सभासदांकडूनच उसनी आली. त्यांना देशावरून ओळखायची पद्धत आहे: ऑस्ट्रियन, जर्मन, झेक, आणि दोन अमेरिकन भावंडं, एक थोरलं, एक धाकटं. आर्डिसने दहा रकान्यांचा तक्ता आखला. मूठ हातात बसते कशी, चाप कसा, नेम कसा लागतो, खोलून पुसायला किती सोपं, मॅगझिनमध्ये गोळ्या किती. कुठल्या रकान्याला किती गुण हे आधीच ठरवून त्यावर सही-शिक्का केला, म्हणजे नंतर कुणाला हात घालायला नको. कुणाला म्हणजे कुणाला, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी तिघं तळघरात जमली. आर्डिस, डेलमार, आणि पा हुआ वांग. ही दातांच्या दवाखान्यात काम करणारी, दोन वर्षांपूर्वी नव्यांच्या वर्गातून आलेली, मूळच्या लाओसकडच्या हमोंग समाजातली मुलगी. हात लहान पण दिवसभर लोकांचे जबडे उघडून पक्के झालेले.

“डेलमार, नळी समोर.”

“अगं, रिकामं आहे.”

“रिकाम्यानेच माणसं मरतात. नळी समोर.”

स्लाइड किती जड जाते ते मोजायला लाइलचा मासे तोलायचा काटा आणला होता. पिस्तूल शिकंज्यात बसवायचं, स्लाइडला दोरी बांधून काट्याचा आकडा अडकवायचा आणि ओढायचं. ऑस्ट्रियन अठरा पौंड भरलं. झेक वीस.

“वीस पौंडांचा वॉलाय!” डेलमार म्हणाला. “या तळ्यात एवढा मासा कुणाला मिळालेला नाही.”

“तुला मिळाला होता की, डेलमारदादा,” पा हुआ म्हणाली. “ख्रिसमसच्या जेवणात, तिसऱ्या ग्लासानंतर.”

थोरलं सतरा, जर्मन सोळा. धाकटं साडेनऊ.

मग हाताने. ऑस्ट्रियन पिस्तूल विटेसारखं दिसतं आणि विटेसारखंच टिकतं. पुसायला सगळ्यात सोपं, पण मुठीचा कोन असा की नव्या माणसाच्या पहिल्या गोळ्या वर जातात. आर्डिसला त्याची स्लाइड ओढता आली नाही. झेकचा चाप सुरेख होता. ओढता आलं नाही. थोरल्याच्या मुठीला चार मापांच्या पाठी मिळतात, तिघांच्याही हातात बसलं. ओढता आलं नाही. जर्मनच्या स्लाइडला खोल खाचा होत्या. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. दर वेळी आर्डिस “हं, समजलं” म्हणून पिस्तूल खाली ठेवी. दर वेळी डेलमार छताकडे बघे.

धाकटं लोण्यातून सुरी फिरावी तसं ओढलं गेलं.

तिने पुन्हा ओढलं. पाच वेळा ओढलं. चेहऱ्यावर सुरकुतीही हलू दिली नाही. मग पंचवीस पावलांवर दहा गोळ्या मारल्या, त्यातल्या आठ काळ्या वर्तुळात गेल्या. तिच्या पाठीमागे डेलमारने पा हुआला कोपराने ढोसलं. काम फत्ते झालं, असं त्याला वाटलं.

त्याने आर्डिसला चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात पाहिलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने बेरीज केली. जर्मन पहिलं. थोरलं दुसरं, ऑस्ट्रियन तिसरं. धाकटं चौथं. त्याच्या मॅगझिनमध्ये आठच गोळ्या बसत, स्पर्धेत एका फेरीला दहा लागतात. मूठ एकाच मापाची. डेलमारची करंगळी खाली लोंबकळत राहिली होती. स्लाइड सोपी, याला तिने आधीच फक्त पाच गुण ठेवले होते, कारण नवे लोक बहुतेक तरणेताठे असतात. बेरीज तीनदा केली.

लाइल खिडकीशी लाकडाचं बदक कोरत बसला होता. “काय झालं?”

“धाकटं चौथं आलं.”

“मग पहिलं कर की.”

“बेरजेत येत नाही, लाइल.”

“वजाबाकी करून बघ.”

“सही-शिक्का झालाय.”

लाइलने बदकाची मान फिरवून पाहिली. “तुझीच सही ना?”

“म्हणून तर,” आर्डिस म्हणाली.

बुधवारी वार्षिक सभा. कॉफी, ‘पाय’ नावाचा चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, चीजची ताटली. आर्डिसने उभं राहून अहवाल वाचला: ‘उपरोक्त बाबींचा साकल्याने विचार करता, क्लबाने जर्मन बनावटीची चार पिस्तुले घ्यावीत, अशी शिफारस करण्यात येत आहे.’

कुणी टाळी वाजवली नाही. डेलमारच्या हातातला काटा चेरी-पायच्या वर थांबला.

“धाकटं कितवं म्हणालीस?”

“चौथं.”

“एक रकाना वाढवू या का? म्हणजे... वजनाचा वगैरे?”

“वजन तिसऱ्या रकान्यात आहे. सूचना नियमबाह्य.”

“रंगाचा?”

“पाचही काळी आहेत, डेलमार.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की बर्फ यंदा लवकर वितळतंय. दोघांनी दुजोरा दिला. आणखी थोडा वेळ गेला असता, तर सभा हवामानावर संपली असती आणि आर्डिस टॉलेफस्रूड कॉफीच्या यंत्रामागे जाऊन उभी राहिली असती. तिने मनातल्या मनात तिथली खुर्चीही निवडली होती.

तेवढ्यात पा हुआने हात वर केला.

“आर्डिस काकू, तुम्हाला कुठलं ओढता आलं?”

बिग टॅमरॅकच्या सभागृहात इतका सरळ प्रश्न कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. डेलमारने डोळे मिटले. आर्डिसने हातातला कागद सरळ केला, तो आधीच सरळ होता.

“एकच,” ती म्हणाली. “धाकटं.”

“मग तेच घ्या ना!”

“नव्यांसाठी ते योग्य नाही. तक्ता नव्यांसाठी होता.”

“नव्यांचं काय घेऊन बसलीस!” डेलमारचा बांध फुटला. “कपाटात चार पडलीत की त्यांच्यासाठी! च्यायला, पाच पिस्तुलं गोळा केली, शनिवारची सकाळ घालवली, ती काय गंमत म्हणून? तुझ्यासाठी केलं, बाई!”

आर्डिसने इतिवृत्ताची वही उघडली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “तुम्ही इतिवृत्तात खोटं कारण नोंदवलंत.”

“नोंद तू केलीस.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून!”

“बरं बाई, आम्ही खोटारडे. पण जानेवारीत तू काय लिहिलंस? शस्त्रात बिघाड?”

एवढं बोलून तोच घाबरला. सगळे घाबरले. आर्डिस लाल झाली आणि मग, हे पहिल्या रांगेतल्यांनी शपथेवर सांगितलं, हसली. फार नाही. काउंटीच्या शिक्क्याएवढं.

“ठराव मागे घेण्यात येत आहे,” ती म्हणाली. “क्लबाला पिस्तुलांची गरज नाही. पाय कुणी केलाय? साखर कमी आहे.”

पाय लाइलने केला होता.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी ती आपल्या नव्या धाकट्यासह तिसऱ्या जागेवर उभी राहिली. आठ गोळ्यांनंतर मॅगझिन बदलून उरलेल्या दोन मारायच्या, असं करणारी ती एकटीच. दुसऱ्या फेरीत चौथी गोळी फुसकी निघाली. टक्. कक्षातले बाराही बार थांबले आणि बाराही माणसं पुन्हा आपापल्या कागदाकडे बघू लागली. आर्डिसने नळी समोर धरली, अर्धं मिनिट मोजलं, स्लाइड ओढली. फुसकी गोळी सिमेंटवर पडली आणि गडगडत डेलमारच्या बुटाशी गेली.

“उचलू का?” डेलमारने विचारलं.

“नळी समोर,” आर्डिस म्हणाली.

पन्नासपैकी एकोणचाळीस. पाचवा क्रमांक. डेलमार सहावा आला आणि त्याने आपल्या ऑस्ट्रियन पिस्तुलाच्या मुठीच्या कोनावर बराच वेळ भाषण दिलं, जे कुणी ऐकलं नाही.

स्पर्धेतलं शस्त्र बदललं की अर्ज भरावा लागतो, नियम अकरावा. आर्डिसने तो तिथेच, कानावरचे आवाजरोधक न काढता भरला. सभासद क्रमांक: चौदा. पूर्वीचे शस्त्र: पोलादी, सुस्थितीत. जानेवारीची नोंद रद्द समजावी. नवीन शस्त्र: वर नमूद केलेल्या तुलनेत चौथे. बदलाचे कारण या रकान्यात तिने आधी ‘कार्यात्मक सुयोग्यतेच्या दृष्टीने’ एवढं लिहिलं, वाचून पाहिलं, खोडलं, खोडल्या जागी आद्याक्षरं घातली, आणि पुढे लिहिलं:

हात दुखतात.