पोथीचं लुगडं

मी दोनच इयत्ता शिकलेला माणूस. पण मास्तरांचे उपकार कुठंतरी लिहून ठेवावेत, म्हणून बसलो.

निजामसरकारच्या मुलखात, हर्सूलच्या पलीकडं आमचं खेडं. शाळेच्या मास्तरांनी तिथं एका खोलीत गावातल्या जुन्या चिजा गोळा केल्या. गंजकी तलवार, फारसी सनदा, गावच्याच कुणा गोसाव्यानं हातानं लिहिलेली पोथी. लोक त्याला अजबखाना म्हणत. मी अडगळ म्हणायचो.

पोथीला गुंडाळायला कापड नव्हतं. माझ्या बायकोनं तिचं हिरवं लुगडं फाडून दिलं. मी म्हणालो, "कागदाला लुगडं नेसवतीस व्हय?"

"मग काय तुमाला नेसवू?"

गेल्या साली ती गेली. तेराव्यानंतर सुनांनी तिची लुगडी वाटून टाकली. रीतच आहे, कुणाला बोलणार? पण घरात तिची चिंधीसुद्धा राहिली नाही. मग एकदम आठवलं, एक लुगडं आहे, पोथीच्या अंगावर.

तडक गेलो. "मास्तर, माझ्या बायकोचं लुगडं द्या."

मास्तर मुसलमान, आमच्यापेक्षा मराठी साफ. एका शब्दानं आडवे आले नाहीत. "तुमचीच चीज आहे मामा, घेऊन जा," म्हणाले आणि स्वतः गाठ सोडली.

आतून पदराला खिसा शिवलेला. त्यात कडुनिंबाचा वाळका पाला.

"कसर लागू नये म्हणून," मास्तर म्हणाले. "दर अमावास्येला येऊन बाई पाला बदलायच्या."

मला सांगायची, मारुतीला जाते.

"खोटारडी!" मी म्हणालो आणि तिथंच रडलो.

मास्तर म्हणाले, "त्या बदल्यात माझ्याकडून पोथीचं एक पान वाचून घ्यायच्या. इथवर आलो होतो." पोथीच्या निम्म्याच्या अलीकडं निंबाची एक काडी ठेवलेली होती.

मी लुगडं हातात धरून लई वेळ बसलो. पोथी उघडी पडली होती, थंडीत माणूस उघडा पडावा तशी. मग माझ्याच हातानं परत गुंडाळली.

"उद्या ताजा पाला आणतो," मी म्हणालो. "वाचून दाखवाल का मला?"

"काडीपासून पुढं?"

"नाय. पहिल्यापासून. ती गेली तिथवर मला आधी जाऊ द्या."

मास्तर हसले नाहीत, कंटाळले नाहीत. दर अमावास्येला शाळा सुटल्यावर माझ्यासाठी थांबतात. एका बैठकीला एकच पान. काडी अजून लांब आहे, त्याचं मला बरंच वाटतं.