तिचं खरं नाव

पुढच्या वर्षी कोणते नवे गायक गाजतील, याची यादी मी भोपाळच्या एका पोर्टलसाठी लिहिली. पहिली होती तिथल्याच अशोका गार्डन वस्तीतली एक मुलगी. घरी कळू नये म्हणून ती चेहरा झाकून, टोपणनावाने गायची; खरं नाव तिने विश्वासाने मला सांगितलं होतं. कारखान्याच्या गेटवर माझे बाबा युनियनची जी पत्रकं वाटत, त्या प्रत्येक पत्रकाखाली त्यांचं पूर्ण नाव असे. निनावी लिहिणं त्यांना पटत नसे. त्याच हट्टाने मी तिचं खरं नाव छापलं, तिला न विचारता.

सकाळी तिचा फोन आला.

"ताई, पप्पांनी यादी वाचली. दरवाजा पीट रहे हैं."

"तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. आतून कडी लावलीय."

फोन कटला. मी नाव काढून टाकलं आणि तिच्या घरी धावले. आत सगळं शांत होतं. बेल वाजवायला माझा हात उठेना.